उघडलेलं बंद कुणी करायचं?

"आत्या, बाबा उठत नाहीयेत."

सई फोनवर एवढंच म्हणाली. आवाज रडका नव्हता. एखादं काम अडलं आहे आणि ते कसं पुढं न्यायचं हे विचारावं, तसा होता. मी म्हटलं, "आलेच." चहाखालचा गॅस बंद केला, कुलूप लावलं, सवयीनं ओढून पाहिलं आणि रिक्षात बसले. सकाळच्या वेळी माझ्या घरापासून शुक्रवार पेठ म्हणजे काहीच अंतर नाही. मी पोचले तेव्हा गल्लीतले डॉक्टर येऊन गेले होते. पहाटे कधीतरी, झोपेतच... मुकुंद कुशीवर पडला होता, एक हात गालाखाली, लहानपणी झोपायचा तसाच. उशाशी चष्मा होता, काड्या उघड्या. आयुष्यभर त्यानं कधी चष्म्याच्या काड्या मिटल्या नाहीत. त्या मी मिटल्या आणि मग मला रडू आलं.

ईरा, निहार, त्या संध्याकाळी व्हिडिओवर मी तुम्हाला इतकंच सांगितलं की मामाआजोबा झोपेत गेले, त्रास झाला नाही. निहार, तू विचारलंस, "आजी, ते नक्की काय काम करायचे?" मी म्हटलं, शेतातल्या मोटारींचं सॉफ्टवेअर. तू मान डोलावलीस आणि मला वाटलं, हे काही खरं उत्तर झालं नाही. पुढं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांचा निरोप आला, भावाबद्दल लिहून द्याल का म्हणून. मी लिहीन म्हणाले, पण माझ्या नातवंडांना समजेल अशा बेतानं लिहीन, हेही सांगितलं. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलं. गोष्ट क्रमानं सांगितली नाही तर मला चैन पडत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मुकुंद माझ्याहून बराच लहान. जे दिसेल ते उघडायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव. फडताळ, लोणच्याची बरणी, शाईची दौत, गच्चीवरची पाण्याची टाकी. उघडायचं, आत डोकवायचं आणि तसंच टाकून पुढच्या गोष्टीकडे वळायचं. आई ओरडली की त्याचं उत्तर ठरलेलं, "ताई आहे की!" आणि ताई असायचीच. मी त्याच्या मागून फिरून झाकणं लावायची, दारं लोटायची, नळ पिळायची. मला त्याचा राग येत नसे. आमच्या घरात कामाची ती वाटणीच होती म्हणा ना. तो उघडणार, मी बंद करणार. तो इंजिनियर होऊन पुण्याला गेला, मोठ्या कंपनीत लागला, लग्न झालं, तरी सुट्टीत घरी आला की दोन दिवसांत माझ्या स्वयंपाकघरातली सगळी कपाटं उघडी दिसायला लागत. मग मला बरं वाटायचं. मुकुंद आला, असं वाटायचं.

सईची आई ती कॉलेजात असतानाच गेली. त्यानंतर मुकुंदचं पुण्यात मन रमेना. सईचं शिक्षण झालं, तिलाही त्याच क्षेत्रात काम मिळालं, आणि मग एके दिवशी बापलेक दोघंही नोकरी सोडून सोलापुरात आले. शुक्रवार पेठेत एका भांड्यांच्या दुकानावर त्यांनी घर घेतलं. मागच्या खोल्यांत राहायचं आणि रस्त्याकडच्या खोलीत काम करायचं. काय काम, ते मात्र ठरलेलं नव्हतं. ते ठरलं असं, की तो एका मित्राबरोबर उजनी धरणाच्या फुगवट्यावर पक्षी बघायला गेला आणि मोटारी बघून आला.

तुम्ही ते पाहिलेलं नाही, म्हणून सांगते. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं हटत जातं. तसतशा काठच्या शेतकऱ्यांना आपल्या मोटारी पाण्याच्या मागं मागं न्याव्या लागतात. घर इथं, केळीची बाग पलीकडे आणि मोटार लांब तिकडे चिखलाच्या कडेला. लाईट आली की धावत जाऊन मोटार चालू करायची, बागेला पाणी पुरलं की पुन्हा जाऊन बंद करायची. मोबाईलवरून मोटार चालू करायच्या पेट्या बाजारात होत्या. पण मुकुंदचं म्हणणं, नुसती चालू-बंद करून काय उपयोग, मोटार तापली का, पाणी ओढतेय की कोरडीच फिरतेय, हेही माणसाला घरबसल्या कळलं पाहिजे. आला तो झपाटूनच. काही महिन्यांत बापलेकीनं मिळून पेटी तयार केली. पेटीच्या आतला प्रोग्रॅम सईनं लिहिला. सगळ्या पेट्या ज्याच्याशी बोलणार तो सर्व्हर मुकुंदचा. सर्व्हर म्हणजे काही जगावेगळं नव्हतं, खोलीतल्या टेबलाखाली ठेवलेला एक काळा डबा होता.

पहिली पेटी बसवायला मी हौसेनं बरोबर गेले होते. कमलबाई नावाच्या एक बागाईतदारीण होत्या, एकट्या केळी सांभाळणाऱ्या, बोलायला फटकळ. मुकुंदनं त्यांच्या मोबाईलवर बटण दाखवलं. त्यांनी ते दाबलं. लांब तिकडे मोटार घुरघुरली आणि पाइपातून पाणी पडायला लागलं. बाई खूश झाल्या, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"आन् एखाद्या दिशी न्हाई चालली तर?"

"मला फोन करायचा."

"तुमी नसला तर?"

"मी असतोच की, कमलबाई," मुकुंद हसून म्हणाला.

"समदीच म्हंत्यात तसं," बाई म्हणाल्या आणि बंदचं बटण दाबून बघितलं.

त्यांच्या मागोमाग काठावरच्या आणखी काही गावांनी पेट्या घेतल्या. सगळं बरं चाललं होतं. मागच्या उन्हाळ्यात मुकुंदच्या छातीत दुखलं आणि त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. हृदय अशक्त झालंय, जपून राहावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याचा मोबाईल माझ्या पर्समध्ये होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून तो वाजायला लागला.

"हॅलो, साहेब हायती का?" कमलबाई.

"ते दवाखान्यात आहेत. मी त्यांची बहीण बोलतेय."

"अगं बया! काय झालं वो? ...व्हतील, व्हतील बरं. देवाला काळजी हाय. पर ताई, मोटार काय चालू व्हईना की! सकाळधरनं बटण दाबून दाबून अंगठा दुखाया लागला."

मुकुंदनं पलंगावरूनच ओळखलं. मला जवळ बोलावून हळूच म्हणाला, "ताई, घरी जा. टेबलाखाली काळा डबा आहे. त्याचं बटण दाबून धर. दिवा गेला की सोड, मग परत दाब. झालं."

"सईला सांगते, ती करेल."

"सईला कशाला? ती दमलीय. तू जा की गुपचूप."

मी गेले. डब्याचं बटण दाबलं, दिवा गेला, पुन्हा दाबलं. जिना उतरेपर्यंत पर्समध्ये फोन वाजला. "लागली बगा मोटार! साहेबास्नी उतार पडला जणू!" माझ्या हातून काहीतरी मोठं काम झालं असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा निघाले, तर सई दवाखान्याच्या दारातच भेटली.

"आत्या, कुठं चाललीस?"

"बाबांचा डबा उठवायला."

सई मागं वळली आणि सरळ त्याच्या पलंगाशी जाऊन उभी राहिली. "बाबा, सर्व्हर रोज बंद-चालू करता तुम्ही?"

मुकुंद छताकडे बघत राहिला. चोरून गोड खाताना पकडल्यासारखा चेहरा. "तू उठायच्या आधी. चहा व्हायच्या आत होतं. काही त्रास नाही त्याचा."

"कधीपासून?"

"...पहिल्यापासून."

सई शेजारच्या स्टुलावर बसली. "म्हणजे आपलं सॉफ्टवेअर चालतच नव्हतं. तुम्ही चालत होता."

आता हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर आहे. ईरा, तुझ्या कामातलं असेल तर तू हसशील, पण निहारसाठी सांगते. तुमची आई लहान असताना आमच्या घरी काळा टेलिफोन होता. बोलणं झालं की रिसीव्हर जागेवर ठेवावा लागे. कुणी वाकडा ठेवला की लाईन अडकून राही आणि बाहेरून कुणाचा फोन लागत नसे. मोटारीजवळची पेटी अशीच सर्व्हरला फोन लावते. काय करू, असं विचारते, चालू-बंदचा हुकूम घेते. पण बोलणं झाल्यावर रिसीव्हर कुणी ठेवायचा, हे बापलेकीनं ठरवलंच नव्हतं. सईला वाटलं, सर्व्हर मोठा, सगळ्यांचं बघणारा, तो ठेवेल. मुकुंदला वाटलं, फोन पेटीनं लावला, तीच ठेवेल. दोघं एका घरात, एका ताटातली शेंगाचटणी खाणारी, पण एकमेकांना विचारलं नाही. अडकलेल्या लाईनी साचत गेल्या की सर्व्हरला नवीन फोन घ्यायला जागा उरत नसे. मुकुंद सकाळी डबा बंद करून चालू करायचा, त्यासरशी सगळ्या लाईनी तुटायच्या, पेट्या पुन्हा फोन लावायच्या आणि दिवस निभायचा. तो आजारी पडला आणि निभेनासा झाला.

सई औषधं आणायला गेली तेव्हा मुकुंद मला म्हणाला, "ती बोलली ते खरंय गं ताई. मी गेलो, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काठावरच्या सगळ्या मोटारी मुक्या होतील. इतक्या लोकांची केळी माझ्या सकाळी उठण्यावर... आणि डॉक्टर काय म्हणाले, ऐकलंस ना." मी त्याला नेहमीसारखं, काहीतरीच काय बोलतोस, असं म्हणाले नाही. त्याला खोटा धीर नको होता. आपल्यामागं हे चाललं पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं, आणि ते चालणार नाही हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

घरी आल्या आल्या तो कामाला बसला. सईशी न बोलता, दोन-चार दिवसांत त्यानं सर्व्हरमध्ये एक नवा प्रोग्रॅम टाकला. तो सतत फिरत राहायचा आणि जी लाईन गप्प दिसेल ती बंद करायचा. मला ते बरेच दिवस माहीत नव्हतं. कळलं ते असं. मी डबा घेऊन गेले होते, थालीपीठ आणि दही. जिन्यातच सईचा चढा आवाज ऐकू आला.

"बाबा, तुमच्या ताईनं पुन्हा घोळ घातला!"

मी पायरीवरच थबकले. दही हिंदकळलं. आत गेले तर दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मी काय केलं?" मी विचारलं.

मुकुंद हसायला लागला, मग खोकला, मग पुन्हा हसला. त्या प्रोग्रॅमचं नावच त्यानं 'ताई' ठेवलं होतं. "अगं, मागून फिरून बंद करते ना ती सगळं. दुसरं काय नाव देणार?"

हसण्यासारखं होतं, पण झालेलं नुकसान हसण्यासारखं नव्हतं. कमलबाईंनी आदल्या दिवशी मोटार चालू केली. मोटार सुरळीत चालू असेल तर पेटीला काही विचारायचं नसतं, सांगायचं नसतं, ती गप्प बसून हुकमाची वाट बघते. ताईला वाटलं, इथं कुणी नाही, आणि तिनं लाईन बंद केली. बाईंनी बंदचं बटण दाबलं तेव्हा ते पेटीपर्यंत पोचलंच नाही. त्या पाहुण्यांकडे गेलेल्या. परत येईपर्यंत केळीत गुडघाभर पाणी. सकाळीच त्यांचा फोन येऊन गेला होता, आणि सईनं तो मला त्यांच्याच आवाजात ऐकवला, "साहेब, पयलं चालू व्हत नव्हती. आता बंद व्हईना. ह्यो उन्हाळा बगते, न्हाई तर तुमची पेटी घिऊन जावा आन् तुमच्या अंगणात लावा."

"अंगण कुठंय आपल्याला," मुकुंद म्हणाला.

"विनोद नका करू, बाबा. उघडते माझी पेटी. मग बंदही माझी पेटीच करणार. तुमच्या ताईनं मधे हात घालायचा नाही." मग माझ्याकडे वळून, "सॉरी, आत्या."

"माझं काय जातंय," मी म्हटलं. थालीपिठाचा डबा उघडून मधे ठेवला. दोघांनीही हात लावला नाही.

"ताईला रेडिओ आठवत असेल," मुकुंद म्हणाला. "तुझ्या आजोबांचा रेडिओ उघडून मी सगळे भाग सतरंजीवर क्रमानं मांडले होते, पाणी प्यायला गेलो, परत येतो तर सगळे भाग एका डब्यात आणि डब्याला झाकण!"

"पसारा होता तो," मी म्हटलं.

"माझं काम चालू होतं गं."

"तेच म्हणतेय मी," सई म्हणाली. "ज्यानं उघडलं त्यालाच माहीत असतं, काम संपलं की नाही. त्यानंच बंद करायचं. दुसऱ्यानं नाही."

"बरोबर आहे," मुकुंद म्हणाला. मग जरा थांबून, शांतपणे, "आणि लाईट गेली की? पेटीचा प्राणच गेला की ती कशी बंद करणार? लाईट काय सांगून जाते?"

खाली दुकानात कुणी गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघत होतं, त्याचा टणटण आवाज येत होता. बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते. मला कळलं की आता ती दोघं फक्त पेटीबद्दल बोलत नाहीयेत, आणि त्यांनाही ते कळलं होतं... मी पाणी आणायला उठले.

परत आले तेव्हा सई बोलत होती. "तेव्हा सर्व्हरनं करायचं बंद. पण आधी विचारायचं, आहेस का म्हणून. उत्तर आलं नाही तर थांबायचं. पुन्हा विचारायचं. तरी आलं नाही, तरच. न विचारता काही बंद करायचं नाही."

"गप्प आहे म्हणजे नाही, असं धरायचं नाही," मुकुंद म्हणाला.

"हो. आणि लाईट आली की पेटी आपणहून नव्यानं फोन लावेल. जुनं काही तिला आठवायची गरज नाही."

"मग ताईचं काय?" मी विचारलं.

"ताईचा बंद करायचा अधिकार काढून घेतला," सई म्हणाली. "ताईनं फक्त विचारायचं."

"जमेल का गं तुला?" मुकुंद माझ्याकडे बघून म्हणाला, आणि मग तिघंही हसलो, आणि थालीपिठं संपली.

पुढचे काही आठवडे त्यांनी ते तडीस नेलं. मी रोज दुपारी डबा घेऊन जायची आणि बघत बसायची. मुकुंदला काम करताना मी आयुष्यात पहिल्यांदाच इतकं बघितलं. दोघं भांडायची ती असल्या गोष्टींवरून, की सर्व्हरनं विचारल्यावर किती वेळ थांबायचं. सई म्हणायची, थोडा वेळ पुरे. मुकुंद म्हणायचा, "काठावर रेंज कशी असते, माहितेय ना? जरा दम धर. मोबाईल घेऊन बांधावर चढावं लागतं लोकांना, मग पेटीचं काय." शब्दांवरूनही व्हायचं. सर्व्हरनं 'आहेस का' विचारलं की पेटीनं काय उत्तर द्यायचं, तर त्यानं 'हाय' लिहायला लावलं, कारण पेटी काठावरची, ती तिथल्यासारखीच बोलणार. आणि काम संपल्यावर पेटी स्वतः लाईन बंद करते तेव्हा तिनं 'येतो' म्हणायचं. सईनं कपाळाला हात लावला. "बाबा, यंत्राला कशाला हे?" तो म्हणाला, "आपल्यात 'जातो' म्हणतं का कुणी?"

ईरा, तुला एक सांगायचं राहून जाईल, ते इथंच सांगते. तू दिवसेंदिवस फोन करत नाहीस, तेव्हा मी पूर्वी मनाशी काय काय ठरवून टाकायची. विसरली असेल, रागावली असेल, आता कशाला आपणहून करा. हल्ली मी ते सोडलंय. फक्त 'आहेस का' एवढं लिहून पाठवते, आणि तू कधी दुसऱ्या दिवशी नुसता अंगठा पाठवतेस. मला तेवढं पुरतं. हे मी मुकुंदच्या त्या खोलीत बसून शिकले.

मग परीक्षेचे दिवस आले. आता सर्व्हरला हात लावायचा नाही, असं सईनं बजावलं. चालतं की नाही, ते कळायला दुसरा मार्गच नव्हता. पण मुकुंदचा हात सकाळी वळवळायचा. तंबाखू सोडलेल्या माणसासारखी त्याची अवस्था. म्हणून तो उठला की तोंड धुऊन सरळ माझ्याकडे यायचा. घरात थांबलं की खोलीत पाय वळतात, म्हणायचा. मी चहा करायची, तो कडक भाकरी मोडून चहात बुडवायचा आणि मोबाईल टेबलावर पालथा ठेवून त्याच्याकडे बघत राहायचा. इतक्या वर्षांत आम्ही दोघं रोज सकाळी असे समोरासमोर बसलो नव्हतो. तो आईबद्दल बोलायचा, सईबद्दल बोलायचा, पुष्कळदा काहीच बोलायचा नाही. पहिले काही दिवस मोबाईल वाजला की तो दचकायचा. मग कधीतरी लक्षात आलं की काठावरून कुणाचाच फोन येत नाही.

"कुणी विचारतच नाही गं, ताई," एका सकाळी तो म्हणाला. तक्रार केल्यासारखं म्हणाला, पण चेहरा असा उजळलेला, की मी पाठ फिरवून कपाटातलं काहीतरी शोधायचं सोंग केलं.

"कमलबाईंना लाव की फोन."

त्यानं लावला. पलीकडून आवाज आला, "बोला साहेब. काय काम काडलं?"

"काही नाही. मोटार बरी आहे ना?"

"मोटारीला काय धाड भरलीय? तुमी बरं हाईसा न्हवं? मग ठेवा, लाईट आलीया."

त्यानं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ आपल्याशीच हसत बसला. उन्हाळा सरला, पावसाळा गेला, पाणी पुन्हा काठाला लागलं. पेट्या कुणी परत केल्या नाहीत. उलट दोन नव्या गावांनी मागितल्या. आणि थंडी सुरू झाली तेव्हा, एका सकाळी, सईचा तो फोन आला.

त्यानंतरचे दिवस माणसांचे असतात. पाहुणे, विधी, चहा, चपला. रस्त्याकडची खोली बंदच होती. सईला आत जाववेना, आणि मी तिला जा म्हटलं नाही. तिनं लॅपटॉपही उघडला नव्हता. सगळे पांगल्यावर एके दुपारी जिन्यात पावलं वाजली आणि कमलबाई आत आल्या. हातात केळीच्या फण्यांनी भरलेली पिशवी. दारातच उभ्या राहून त्यांनी पदर तोंडाला लावला.

"मला कुणी कळवलंच न्हाई वो. काल बाजारात कळलं. मी म्हनलं, काय बी काय सांगताय... माजी मोटार रोज चालतीया की. त्या दिशी बी चालली. सकाळी चालू केली, दुपारी बंद केली. मी म्हनलं, साहेब हायतीच."

सई त्यांच्याकडे बघत राहिली. "त्या दिवशी चालली?"

"त्या दिशी, दुसऱ्या दिशी, काल, आज. एक दीस खाडा न्हाई, पोरी. का गं? चालाया नगं व्हती व्हय?"

सई उठली. किल्ली घेतली आणि रस्त्याकडची खोली उघडली. आम्ही दोघी तिच्या मागं. आत कोंदट वास, सगळ्यावर पेठेतली बारीक धूळ. टेबलाखालचा डबा मंद घुमत होता. तिनं माऊस हलवला तसा पडदा उजळला, आणि त्यावर एकेक ओळ वर सरकायला लागली. आहेस का? हाय. आहेस का? हाय. मधेच कुठंतरी एक 'येतो'. एका ठिकाणी उत्तर आलं नाही, सर्व्हरनं थांबून पुन्हा विचारलं, पुन्हा थांबला आणि ती लाईन बंद केली. "तिकडं लाईट गेली असणार," सई म्हणाली. कमलबाई पडद्याजवळ वाकल्या. "ह्यातली माजी कंची?" सईनं बोट ठेवलं. बाई त्या ओळीकडे बघत राहिल्या. "हाय म्हंती व्हय!" त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसता पुसता हसल्या. सई तिथंच मुकुंदच्या खुर्चीत बसली, डोळ्यांतलं पाणी तसंच, आणि नव्या दोन गावांच्या पेट्यांचं काम कुठवर आलंय ते शोधायला लागली. मला काही विचारलं नाही तिनं.

मी आपलं फडकं घेतलं. टेबल पुसलं, खिडकीची चौकट पुसली, मग खाली वाकले. डब्याच्या बटणावर चिकटपट्टी लावलेली होती, एक उभी, दोन आडव्या, वेड्यावाकड्या, मुकुंदच्याच हातच्या. माझ्याकडे चहाला यायला लागला त्या दिवसांत कधीतरी लावली असणार, स्वतःचा हात जाऊ नये म्हणून. मला तो कधी बोलला नव्हता. आडव्या पट्टीचं एक टोक सुटून वर आलं होतं. एरवी मी असलं काही दिसलं की ओढून काढते आणि केरात टाकते. मी खाली फरशीवर बसले, बटणाला धक्का लागू न देता ते टोक अंगठ्यानं हळूहळू दाबून पुन्हा चिकटवलं, आणि धूळ तेवढी आजूबाजूनं पुसून घेतली.